पन्नाशी ओलांडलेली मोटार : नोंदणी, शुल्क आणि मालकाचा निर्णय

(उरण येथे पंचायत सदस्य, शिक्षक व वाहनमालक यांच्या सभेत एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे निमित्त एका निवृत्त शिक्षकांनी पुरविले आहे. काही महिन्यांपूर्वी ते आमच्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेले, कडा झिजलेले एक नोंदणी पुस्तक होते. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९६६ सालची फियाट उरणमधील त्यांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ती अजून चालते. महिन्यातून दोन-तीन वेळा गुरुजी ती बाजारापर्यंत नेतात आणि परत आणतात. त्यांना कोणीतरी सांगितले होते की, सरकारचा नवा नियम झाला आहे. पंधरा वर्षांवरील गाडी भंगारात द्यावी लागते, आणि द्यायची नसेल तर वीस हजार रुपये भरून तिला ‘विंटेज’ करून घ्यावे लागते. सांगणाऱ्याने हे काम स्वतः करून देण्याची तयारीही दाखविली होती. त्याचा मोबदला अर्थातच वेगळा होता.

गुरुजींनी मला विचारले, “साहेब, हे खरे आहे का?” मी कला शाखेचा पदवीधर. इंजिन कसे चालते हे मला आजही नीट सांगता येणार नाही. परंतु शासनाचा नियम काय म्हणतो आणि लोकांच्या तोंडी तो काय होऊन बसतो, यातील अंतर मोजणे हेच आमच्या खात्याचे काम असल्याने मी कागद काढून बसलो. त्यातून जे समजले ते आज आपणांसमोर ठेवतो.

प्रथम अफवेचा निकाल लावू. महाराष्ट्रात खाजगी मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणून भंगारात द्यावी लागते, असा नियम नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर वाहन तपासणीस नेऊन, नमुना २५ मध्ये अर्ज करून, पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. वाहन योग्य स्थितीत असेल तोवर हे कितीही वेळा करता येते. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर बंदीचे जे आदेश आपण वृत्तपत्रांत वाचले, ते राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिल्ली व तिच्या परिसरापुरते दिलेले होते. तेथील बातमी येथे पोहोचेपर्यंत ‘दिल्ली’ हा शब्द वाटेत गळून पडला, एवढेच. त्यातच २०२१ साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले आणि दोन बातम्यांची एक बातमी झाली.

पंधरा वर्षांची सक्तीची मर्यादा आहे ती सरकारी वाहनांना. केंद्र व राज्य शासन, नगरपालिका, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे चालू ठेवता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. येथे पंचायत समितीशी संबंधित मंडळी बसली आहेत, म्हणून थोडे विषयांतर करतो. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, त्यानंतरच्या काळात खेडेगावात शासन म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांची जीप असे समीकरण होते. धूळ उडाली की पोरे रस्त्यावर येत. त्या जीपगाड्यांपैकी बहुतेक लिलावात गेल्या, काही अंगणात गंजल्या. आपल्या आवारात अशी एखादी उरली असेल, तर तिचे काय होणार हे आता ठरल्यासारखेच आहे. निदान तिचे छायाचित्र आणि तिच्या नोंदवहीचे पान कार्यालयाच्या दप्तरी राहू द्यावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ८१-अ व त्यापुढील नियम घालण्यात आले. ‘विंटेज’ वाहनाची नोंदणी कशी करावी हे देशभर एका पद्धतीने सांगणारी ही पहिलीच तरतूद. त्यापूर्वी राज्याराज्यांत निरनिराळी रीत होती. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा प्रवासी मोटार, आयात केलेलीही, या व्याख्येत येते. मालमोटार, टेम्पो, ट्रॅक्टर यांना येथे जागा नाही. मिठागरांवर राबलेली एखादी जुनी लॉरी कितीही प्रेक्षणीय असली, तरी ती या नियमाखाली येत नाही. पन्नास वर्षांची अट काळाबरोबर पुढे सरकते. १९७५ साली नोंदलेली गाडी २०२५ मध्ये या उंबरठ्यावर आली. म्हणजे राजेरजवाड्यांच्या मोटारींपुरता हा विषय आता राहिलेला नाही. मध्यमवर्गीयाने हप्त्या-हप्त्याने घेतलेली फियाट आणि स्कूटर आता या वयाला पोहोचली आहे.

आणि या गाड्या परक्या मुलखातल्या नाहीत. आपल्या उरणहून खाडीपलीकडे पाहिले तर यांतील कितीतरी गाड्यांची जन्मस्थाने नजरेच्या टप्प्यात येतात. अटल सेतूच्या त्या टोकाला शिवडी आहे. तेथे १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने जहाजातून पेट्यांमध्ये आलेल्या सुट्या भागांपासून शेव्हरोले मोटारी जोडण्यास प्रारंभ केला. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम डॉज व प्लिमथ, मग फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा किती माणसे हळहळली हे आपण पाहिलेच. भांडुपला लँब्रेटा स्कूटर तयार होत असे. महिंद्रांची जीपही मुंबईतच जोडली जाऊ लागली. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या उरणकराला ही सारी नावे घरातली होती.

आता अर्जाची रीत सांगतो. मालकाने नमुना २० मध्ये अर्ज करावयाचा. सोबत विमापत्र, शुल्क, वाहन पूर्वी भारतात नोंदलेले असल्यास जुने नोंदणी प्रमाणपत्र आणि आयात केलेले असल्यास सीमाशुल्क खात्याचे ‘बिल ऑफ एन्ट्री’ जोडावयाचे. नोंदणी प्राधिकाऱ्याने साठ दिवसांच्या आत नमुना २३-अ मध्ये प्रमाणपत्र द्यावे, असे नियमात म्हटले आहे. ज्या वाहनाला पूर्वीचा नोंदणी क्रमांक आहे, त्याला तोच क्रमांक ठेवता येतो. ही सवलत मला सर्वांत मोलाची वाटते. बी.एम. या अक्षरांनी सुरू होणारा जुन्या मुंबई राज्याचा क्रमांक म्हणजे त्या गाडीचा जन्मदाखलाच. ज्याला क्रमांकच नाही, अशा वाहनाला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही.ए.’ ही अक्षरे असलेला नवा क्रमांक मिळतो. उरणच्या मालकाचा संबंध येतो तो पनवेलच्या परिवहन कार्यालयाशी, ज्याचा एम.एच. ४६ हा क्रमांक आपण रोज पाहतो.

शुल्क पहिल्या नोंदणीस २० हजार रुपये, आणि त्यानंतरच्या पुनर्नोंदणीस ५ हजार रुपये. पहिली नोंदणी दहा वर्षे चालते. वीस हजार म्हटले की निवृत्त माणसाच्या कपाळावर आठी चढते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु दुसरी बाजूही मांडून पाहिली पाहिजे. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे वीस वर्षांवरील हलक्या मोटारीचे साधे नूतनीकरण करावयाचे झाले, तरी त्याचे शुल्क १० हजार रुपये आहे, आणि तेही पाच वर्षांसाठी. दहा वर्षांत दोन वेळा नूतनीकरण म्हणजे तेच वीस हजार. राज्याचा पर्यावरण कर वगैरे वेगळे. तेव्हा गुरुजींच्या फियाटपुरते बोलायचे तर, पहिल्या दहा वर्षांत विंटेज नोंदणी महागही नाही आणि स्वस्तही नाही. आयात केलेल्या मोटारीच्या बाबतीत तर विंटेज नोंदणी पुष्कळच स्वस्त पडते, कारण वीस वर्षांवरील अशा मोटारीच्या साध्या नूतनीकरणाचे शुल्क आता ८० हजार रुपये आहे.

मग फरक कोठे आहे? तो वापरात आहे, आणि मालकाने अर्जावर सही करण्यापूर्वी शांतपणे विचार करावा असा मुद्दा हाच आहे. विंटेज म्हणून नोंदलेले वाहन नेहमीच्या कामासाठी अथवा व्यवसायासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, प्रात्यक्षिक, तांत्रिक संशोधन, त्यासाठी जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्याचसाठी ते बाहेर काढावयाचे. बाजारात भाजी आणावयास, नातवाला शाळेत सोडावयास, पनवेलच्या दवाखान्यात जावयास ते चालणार नाही. मध्यंतरी एका गृहस्थांनी मला विचारले की, लग्नसराईत वरातीसाठी अशी गाडी भाड्याने दिली तर वीस हजार सहज वसूल होतील ना? भाडे घेतले की तो व्यवसाय झाला, आणि व्यवसायाला तर स्पष्ट मनाई आहे.

मालकाने अर्ज केला, तरच गाडी विंटेज वर्गात जाते. अर्ज न करता पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करीत राहणे हा मार्ग खुला आहे. ज्याला आपली जुनी मोटार अजून मोटार म्हणूनच हवी आहे, त्याने तो मार्ग धरावा. पूर्वीची नोंदणी उपलब्ध नसलेली, परदेशातून आणलेली किंवा केवळ जपण्यासाठी ठेवलेली मोटार असेल, तर विंटेज नोंदणीचा विचार करावा.

इतर देशांनी येथे थोडा सैल हात ठेवला आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील मोटारीला वाहनकर माफ आहे, आणि ती खाजगी वापरासाठी रोज चालविता येते. जर्मनीत तीस वर्षांवरील, मूळ स्वरूप राखलेल्या मोटारीच्या क्रमांकामागे ‘एच’ हे अक्षर लागते, कर ठरीव व बेताचा असतो, आणि तीही रोजच्या रस्त्यावर दिसते. आपल्याकडील रस्त्यांची गर्दी आणि जुन्या गाड्यांचा धूर लक्षात घेता बंधनाचे कारण समजण्यासारखे आहे. पण महिन्याला ठरावीक किलोमीटर चालविण्याची मुभा दिली असती, तर गाड्या अधिक चांगल्या राहिल्या असत्या असे मला वाटते. उभी मोटार लवकर मरते. खाऱ्या वाऱ्याच्या गावात तर फारच लवकर.

खाऱ्या वाऱ्यावरून ‘मूळ स्वरूप’ या अटीकडे येतो. सांगाडा, बाह्य शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, असे नियम म्हणतो. आपल्या भागात ही अट दोन ठिकाणी अडते. एक, गंज. उरणच्या हवेत मोटारीचा तळ कुजतो. पत्रा बदलताना त्याच मापाचा, त्याच वळणाचा बसविला तर ती दुरुस्ती, आणि छप्पर कापून गाडी उघडी केली तर तो फेरबदल, हे सामान्य बुद्धीला समजते. मधल्या साऱ्या प्रकारांत मात्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय महत्त्वाचा ठरणार. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवावीत, गॅरेजची बिले फेकू नयेत. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. पेट्रोल महागले तसे अनेकांनी अँबॅसडर, फियाट आणि विशेषतः जीपगाड्यांतील मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले. त्या वेळी ते शहाणपणाचेच होते. कोकणच्या घाटात त्या इंजिनांनी संसार ओढले. आज मात्र तीच गाडी विंटेज म्हणून पुढे केली, तर ती अटीत बसणार नाही. मूळ इंजिन कोठे धूळ खात पडले असेल तर ते विकू नका, इतकेच सांगेन.

परंतु माझा अनुभव असा की, गंजापेक्षा अधिक गाड्या कागदांनी अडविल्या आहेत. नोंदणी पुस्तक आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली, आणि गाडी मात्र नातू चालवितो, असे चित्र घरोघरी दिसते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने नमुना ३१ मध्ये अर्ज करून नाव लावून घ्यावयाचे असते; त्याला नियमाने तीन महिन्यांची मुदत आहे. वारस अनेक असतील तर इतरांची संमती लागते, आणि भावाभावांत बोलणे नसेल तर मोटारीचे भवितव्य तेथेच थांबते. पुस्तक हरवले असेल तर नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करता येतो. जुन्या पुस्तकातील नोंद परिवहन खात्याच्या संगणकावर चढली आहे का, हेही पाहून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविण्याची सक्ती झाली, तेव्हा कित्येकांना आपली गाडी संगणकाला ठाऊकच नसल्याचा शोध लागला. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे की, गावात अशा अर्जांसाठी लोक आपल्याकडेच येतात. अर्ज लिहून देताना आधी पुस्तक कोणाच्या नावावर आहे, हे विचारावे.

दुचाकींविषयी मला थोडे निराळे बोलायचे आहे, आणि ते माझे वैयक्तिक मत समजावे. विंटेज नोंदणीचे शुल्क लँब्रेटालाही २० हजार आणि रोल्स रॉईसलाही २० हजार. वीस वर्षांवरील मोटारसायकलचे साधे नूतनीकरण २ हजार रुपयांत होते. म्हणजे दहा वर्षांचे चार हजार. चार हजारांच्या जागी वीस हजार भरण्यास कोणता स्कूटरमालक पुढे येईल? महाराष्ट्रातील सामान्य माणसाचा मोटारयुगाशी संबंध आला तो दुचाकीमुळे, आणि नेमकी तीच या शुल्काने बाहेर राहते. याचा पुनर्विचार व्हावा.

हे मी थोड्या अपराधी भावनेने बोलतो. आमच्या घरी वडिलांची लँब्रेटा होती. २००९ साली, जागा अडते म्हणून, आम्ही ती भंगारवाल्याला वजनावर दिली. त्या वेळी हे नियम नव्हते, आणि असते तरी मी ते वाचले असते असे नाही. आईने क्रमांकाची पट्टी तेवढी काढून ठेवली, ती अजून घरात आहे. पुढे या विषयाचा अभ्यास करताना समजले की, वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने ते चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते. आम्ही ते केले नाही. कागदोपत्री ती स्कूटर पुढेही आमच्या नावावर धावत राहिली. जुनी क्रमांकपट्टी वाईट माणसाच्या हाती पडली तर काय होऊ शकते, हे पोलीस पाटलांना सांगावयास नको. असती तर आज अटल सेतूवरून तिला नेता आले नसतेच, कारण तेथे दुचाकींना प्रवेश नाही.

आयातीबद्दल दोन शब्द. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून आपल्याच तालुक्यात आहे, त्यामुळे ‘बंदरातून स्वस्तात जुनी परदेशी गाडी मिळवून देतो’ असे सांगणारे येथे अधूनमधून भेटतात. १९५० पूर्वीच्या मोटारींपुरती असलेली आयातीची मोकळीक २०२५ मध्ये पन्नास वर्षांवरील मोटारींपर्यंत वाढविण्यात आली, हे खरे. पण सीमाशुल्क चुकलेले नाही, आणि बिल ऑफ एन्ट्रीवरील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळल्याखेरीज नोंदणी होणार नाही. कागद आधी पाहावा, गाडी नंतर.

विम्याच्या बाबतीत एक दिलासा आहे. २०२२ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदलेल्या खाजगी मोटारीला तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते. विमा मात्र टाळता येत नाही. शेडमधून प्रदर्शनापर्यंतचा रस्ताही सार्वजनिकच असतो.

आता पुन्हा गुरुजींकडे. मी त्यांना वरील दोन्ही मार्ग सांगितले आणि कागद एकत्र करावयास सांगितले. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. पुस्तक वडिलांच्याच नावावर होते. बहिणींची संमती घ्यावी लागणार होती. परिवहन कार्यालयात चासी क्रमांकाची पेन्सिलछाप मागतात, म्हणून तो क्रमांक शोधणे भाग होते. गुरुजींनी बॉनेट उघडले, रॉकेलच्या बोळ्याने गंज व तेलकट मळ पुसला, त्यावर पातळ कागद धरला आणि शाळेत नकाशा गिरविताना धरतात तशी आडवी पेन्सिल हलक्या हाताने फिरविली. एकेक आकडा कागदावर उमटू लागला. मी पुस्तकातून वाचत होतो, ते कागदावर पाहत होते. सारे आकडे जुळले.

“काय ठरविलेत?” मी विचारले. ते म्हणाले, “बहिणी दिवाळीला येतात. तेव्हा त्यांना बसवून एक फेरी मारतो, मग ठरवू.” कागदाची घडी घालून त्यांनी तो पुस्तकात ठेवला. साधे नूतनीकरण की विंटेज, हे त्यांनी अजून मला कळविलेले नाही.